राखीची कॅसेट, यांची जीप

घोडेगाव, ५ फेब्रुवारी २००१, सोमवार

राखीची कॅसेट आली. जावयांनी रायचूरहून कुरिअरने पाठवली आहे. वर 'भजने' असं लिहिलंय, म्हणजे घरात कुणी कुतूहलाने लावून बघायला नको. ही युक्ती आम्हा मायलेकींचीच. तिच्या सासरी फोन बैठकीत आहे, सासऱ्यांच्या गादीजवळ. ती बोलायला लागली की विहीणबाई शेंगा सोलायला तिथेच येऊन बसतात. मग आमचं बोलणं हवापाण्यावर चालतं. मनातलं ती कॅसेटमध्ये बोलते आणि शेवटी दर वेळी बजावते, "मम्मी, फक्त तू. पप्पांनापण नाही."

तिला आता पाचवा संपतोय. पहिलं बाळंतपण. विहीणबाईंनी मागेच सांगितलं, इथे मोठं हॉस्पिटल आहे, तुम्ही काळजी करू नका. राखीला काय हवंय ते मला या कॅसेटमधूनच कळणार.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक असताना माळ्यावर जाऊन टू-इन-वन लावला. पहिली बाजू बरी लागली. पोपट पाळलाय म्हणे, तो सासऱ्यांची नक्कल करतो. दुसऱ्या बाजूला मात्र नुसती पुटपुट. भिंतीकडे तोंड करून बोलल्यासारखी. हेडवर धूळ बसली असेल. कापसाला कोलन वॉटर लावून पुसलं. तसंच. आवाज फार वाढवता येत नाही, खाली हे बसलेले असतात. शिवाय शेजारची गिरणी.

मधेच वाक्याचा तुकडा येतो. "...मम्मी, तू..." आणि पुढे काही नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार

आज यांच्याबरोबर आहुप्याला गेले. हिरड्याचा हंगाम सुरू झाला की दर गुरुवारी हे जीप घेऊन खरेदीला जातात, मी वजनाची वही धरायला म्हणून जाते. ते निमित्त. खरं म्हणजे मला जीपमध्ये यांच्याशी गप्पा मारायला आवडतात. घरी हे दोन शब्दांवर तिसरा बोलत नाहीत. जीपमध्ये बसले की माणूस खुलतो. मिलिटरीच्या लिलावातली जीप, त्यात नंतर बसवलेलं डिझेलचं इंजिन, कॅनव्हासचं छत फडफडतंय, मागे तराजू आदळतोय, आणि या सगळ्यावर हे डिंभ्याच्या धरणापासून वरपर्यंत आपल्या लहानपणीच्या गोष्टी सांगत असतात. आज धरणाच्या पाण्याकडे बोट करून सांगितलं, त्या पाण्याखाली आंबेगावचा बाजार आहे, तिथे वडिलांनी मला पहिल्यांदा जिलबी घेऊन दिली. शब्दन् शब्द ऐकला मी.

टू-इन-वनमध्ये सेल घालून सोबत नेला होता. हे वजनाला गेले की दोन तास मी जीपमध्ये एकटीच असते. देवराईच्या कडेला, सावलीत. तिथे लावून पाहिला. तिथेही पुटपुटच. बशीएवढा स्पीकर, त्यातून काय ऐकू येणार!

परत येताना म्हटलं, "जीपमध्ये चांगला टेप बसवून घेऊ या का?"

"हिच्यात?" हे ओरडले. "अगं, हिच्यात बँड बसवला तरी ऐकू यायचा नाही!"

"ट्रकवाल्यांना कसं ऐकू येतं?"

"ते बहिरे असतात!" असं म्हणून खूप हसले. मग माझ्याकडे बघून एकदम थांबले. पुढच्या वळणावर म्हणाले, "बसवू."

यांनी वाद घातला नाही याचंच मला नवल वाटतंय.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

आळेफाट्याला गेलो होतो. हायवेवर गॅरेजच्या रांगेत गेणभाऊंचं दुकान. ट्रकमध्ये टेप बसवण्यात त्यांचा हात धरणारा नाशिकपर्यंत नाही, असं तिथला चहावाला सांगत होता. गेणभाऊंनी जीपला एक चक्कर मारली, बॉनेट उघडलं, इंजिन चालू करायला सांगितलं आणि कानांत बोटं घातली.

"राव, ही गाडी हाय का पिठाची गिरण?"

"गिरण घराशेजारी आहे, ही वेगळी," हे म्हणाले.

गेणभाऊंचं म्हणणं, आधी गाडीला गप्प करायचं, मग टेपला बोलतं करायचं. सायलेन्सर बदलायचा, बॉनेटखाली आणि पायाखाली आवाज शोषणारा जाड फेल्ट ठोकायचा, वरून रेक्झिन, दारांना रबर. मग टेप, अ‍ॅम्प्लिफायर आणि मागे दोन मोठे स्पीकर. हे सगळं समजून घ्यायला मला त्यांना तीन-तीनदा विचारावं लागलं. पानाचा तोबरा भरून बोलतात, काय कळणार? शेवटी तोबरा थुंकून आले बिचारे.

"वहिनी, गाणी कंची ऐकता? भजनं का पिक्चरची?"

"बोलणं," मी म्हणाले. "नुसतं बोलणं ऐकायचंय. स्पष्ट."

त्यांनी यांच्याकडे पाहिलं. यांनी फेल्टच्या तुकड्याकडे.

असाच रेक्झिनचा वास माझ्या पाचगणीच्या शाळेच्या बसला यायचा. सिस्टर बर्नडेट कॉयरच्या समूहगानासाठी आम्हाला त्या बसने नेत. चाळीस मुलींत एखादीचा सूर जरा घसरला की त्या माझ्याकडे बघत आणि मी हळूच त्या मुलीकडे बोट करत असे. मुलींना माझा राग येई. पण सिस्टर म्हणायच्या, हिच्या कानाला फसवता येत नाही.

१९ फेब्रुवारी, सोमवार

गाडी आळेफाट्यालाच आहे. राखीला उत्तर पाठवायला उशीर व्हायला लागला, म्हणून आज माझी कॅसेट भरून पाठवली.

दुसरी बाजू न ऐकता.

मनाला बरं वाटत नाही, पण काय करणार? ऐकू आली नाही असं सांगितलं असतं तर तिने पुन्हा सगळं बोलायचं, चोरून, अशा दिवसांत. कुणाला तरी ऐकायला लावावं तर तिला शब्द दिलेला. पहिल्या बाजूला तिचा आवाज आनंदी होता. त्यावरून मी अंदाज केला. म्हटलं, "तू म्हणतेस ते सगळं समजलं. तिथे हॉस्पिटल जवळ आहे, माणसं काळजी घेणारी आहेत, तिथेच सोयीचं. मी बाळंतपणाला येऊन राहीन." पुढे लोणच्याची कृती सांगितली. पोपटाला काय खायला घालायचं तेही.

तिला बाळंतपणाला इकडे यायचं असतं तर तिने पहिल्याच बाजूला सांगितलं असतं. असं मी स्वतःला चार वेळा समजावलं.

आमच्यात मुलीला पहिल्या वेळी सातव्या महिन्यात माहेरी आणतात. आठवा लागला की प्रवास नाही. पण ते माहेरच्यांनी 'मुलीला पाठवा' असं मागणं घातल्यावर. सासरचे आपणहून पाठवत नाहीत, आणि मुलीने स्वतः बोलायचं तर प्रश्नच नाही. मी मागणं घालायचं आणि राखीला तिथेच राहायचं असायचं, म्हणजे तिचीच पंचाईत.

२ मार्च, शुक्रवार

काल जीप आली. ओळखू येत नाही. घरंगळत चालल्यासारखी चालते. लगेच आहुप्याला गेलो, गुरुवारच होता.

पण मला दिवसभर करमलं नाही. हे जाता-येता एक शब्द बोलले नाहीत. म्हणजे ओठ हलत होते, गुणगुणत असावेत. मी विचारलं, "काय म्हणालात?" तर मान हलवून "काही नाही." डिंभ्याच्या पुढे पुन्हा एकदा तसंच. मग घाट संपेपर्यंत गप्प. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

सासरे असेच छातीत दुखून गेले होते. हे मला काही सांगत नाहीत का?

आणि त्या घालमेलीत राखीची कॅसेट घरीच राहिली. गेणभाऊंनी तपासायला ठेवलेली ढोलकीची कॅसेट तेवढी लावली. ठेका मात्र लख्ख ऐकू आला. अगदी पोटात.

७ मार्च, बुधवार

रात्री जेवणं झाल्यावर राखीचा फोन आला. मी म्हटलं, माझी कॅसेट मिळाली का? भजनं मिळाली का, असं विचारायला हवं होतं, विसरलेच. ती काहीतरी म्हणाली. मग मी बरंच बोलले. ती "बरं" म्हणत होती. बरं, बरं, बरं. एवढंच कळलं.

घरात सासूबाईंशी बोलायला सगळे ओरडतात. त्यांचं नाव सज्जनबाई, वय ऐंशीच्या पुढे, दहा वर्षांपासून बहिऱ्या. मोलकरीणसुद्धा त्यांना "चहा आणू काऽऽ" असं गल्ली जागी होईल इतक्या मोठ्याने विचारते. मला वाटतं त्यामुळे माणसं दमतात आणि बाकीच्यांशी अगदीच हळू बोलतात. नवी लग्न होऊन आले तेव्हा सासरे त्यांच्यावर ओरडले की मी पदरात तोंड लपवून हसत असे. तेव्हा त्या बहिऱ्या नव्हत्या, नुसत्या ऐकायच्या नाहीत.

राखीची दुसरी कॅसेट यायला हवी होती. आली नाही.

१५ मार्च, गुरुवार

गेल्या गुरुवारी जाणं जमलं नाही, राखीची कॅसेट आज जीपमध्ये लावली. जीप राईच्या कडेला उभी, हे खाली वाडीत वजनाला. अ‍ॅम्प्लिफायरचं बटण अर्ध्याच्या वर नेलं. पहिल्या बाजूचा पोपट छान ऐकू आला. दुसरी बाजू लावली. हवेची सळसळ, तिचा श्वास कळतो, शब्द कळत नाहीत. "सातवा" हा एक शब्द कळला. की "सासवा"? तीन वेळा मागे-पुढे केलं. टेप गुंतला तेव्हा थांबले. पेन्सिलने फिरवून नीट केला.

सातवा तर लागलाय. पाच एप्रिलला सरेल.

१७ मार्च, शनिवार

मी हट्टाने आळेफाट्याला गेले. गेणभाऊंना सांगितलं, आवाज वाढत नाही, काहीतरी राहिलंय. त्यांनी आपली ढोलकी लावली आणि बटण फिरवलं. शेजारच्या गॅरेजमधला मेकॅनिक गाडीखालून बाहेर आला.

"वहिनी, ह्येच्या म्होरं वाढवला तर काच फुटंल."

"ढोलकीचं नका सांगू. बोलणं लावलं की विरतं."

त्यांनी मला बाजूला बसवलं, टेपवर एक कीर्तनाची कॅसेट लावली आणि दर वेळी बटण थोडं फिरवून माझ्याकडे बघत राहिले. मग ते यांना घेऊन रस्त्यापलीकडे चहाला गेले. मी इथून बघत होते. गेणभाऊ बोलत होते, हे कपाकडे बघत मान हलवत होते. मग दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

येताना विचारलं, "काय म्हणत होते?" हे म्हणाले... मला वाटतं, "नंतर."

यांच्या छातीचंच असणार. गेणभाऊंच्या ओळखीचा डॉक्टर आहे नारायणगावला. सगळ्यांना माहीत आहे, मला सोडून.

२२ मार्च, गुरुवार

आजच लिहायला हवं.

आहुपं. हे वजनाला गेले. मी दारं लावली, बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि दुसरी बाजू लावली. डोळे मिटून पुढे वाकले. सीट थरथरत होती, माझ्या दातांत ती थरथर जाणवत होती. शब्द तुटक येत होते. "...मम्मी... भीती..." मी डोळे उघडले तर राईतली पाखरं थव्याने उडून चालली होती. सगळ्या झाडांवरची. मला कळेना, कशाला घाबरली?

मग दार उघडलं. ठमाबाई. वरच्या वाडीतली, दर हंगामात हिरडा घेऊन येते. डोक्यावरची पाटी खाली ठेवून माझ्या तोंडाशी वाकली. मी घाईने टेप बंद केला.

"शेठाणीबाई," ती म्हणाली, मोठ्याने, "लेक एवढी रडतीया. कवा जानार आनाया?"

"कोण रडतंय?"

"तुमची लेक न्हवं का ती? त्या पेटीतली? आमी तिकडं धोंड्यावर बसलो व्हतो समद्या. लई इनवण्या करतीया पोर."

मी तिने दाखवलेल्या धोंड्याकडे पाहिलं. पाच बायका बसल्या होत्या. माणसाचा चेहरा ओळखू येणार नाही इतक्या लांब.

"तिथून ऐकू आलं?"

"त्या पल्याड शेरडं राखतोय त्येलाबी आलं आसंल."

मला खूप राग आला. माझ्या मुलीचं गुपित, माझ्याचसाठी बोललेलं, शेरडं राखणाऱ्यापर्यंत पोचलं आणि मला नाही. मग राग कुणावर काढायचा ते सुचेना. मी ठमाबाईला आत बसवलं. कॅसेट मागे घेतली, आवाज कमी केला. एकेक वाक्य झालं की थांबवायची, आणि ठमाबाई माझ्या डाव्या कानाशी तोंड आणून ते सांगायची. तिच्या बोलीत.

"मम्मी, मला तकडं यायचंय."

थांबवलं. चालू केलं.

"हितं समदी चांगली हायेत. पर मला भ्या वाटतं. रातीला झोप येत न्हाई."

"आपल्याकडनं मागनं आल्याबिगर ही पाठवनार न्हाईत. सातवा सरायच्या आत पप्पांना इचारायला लाव."

आणि शेवटचं वाक्य.

"म्हनती, आजीचं करताना तुला जड जात आसंल, तर राहू दे. नुस्तं सांग, हितंच सोयीचं हाय म्हनून. मी समजून घेईन."

हितंच सोयीचं हाय. मी नेमकं तेच पाठवलं होतं. लोणच्याच्या कृतीसकट.

ठमाबाईने पदराने माझे डोळे पुसले आणि पाटी उचलून वजनाला गेली. मी तिचे नीट आभारही मानले नाहीत.

२३ मार्च, शुक्रवार

काल परतताना डिंभ्याच्या पाण्याशी यांना गाडी थांबवायला लावली. इंजिन बंद केलं. सांगितलं, राखीला आणायचंय, तिने विनवलंय, आणि मला ते ऐकू आलं नव्हतं. हे काही बोलले. मी म्हटलं, "मोठ्याने बोला. मला ऐकू येत नाही."

हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारलं. इथे लिहितेय तेही पहिल्यांदाच.

हे माझ्याकडे वळून बसले. "तीन वर्षं झाली."

"मग सांगितलं का नाही?"

"तुझ्या कानाचा तुला किती अभिमान! मला वाटलं, कळेल तेव्हा कळेल." मग स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाले, "घरी तुझ्याशी ओरडलो असतो तर लोकांना वाटलं असतं भांडतोय. जीपमध्ये ओरडलेलं चालायचं. आठवड्यातून एकदा तरी बायकोशी बोलता येत होतं, तर तू हिलाही गप्प केलीस."

"आणि तुमची छाती?"

"माझ्या छातीला काय झालंय?"



आज सकाळी रायचूरला फोन लावला. मागणं मीच घालायचं असं मी ठरवलं होतं. विहीणबाईंना म्हटलं, आमच्या घरचा पहिला मान आहे, मुलीला सातव्यात पाठवा, आम्ही न्यायला येतो. मग रिसीव्हर यांच्या कानाला लावला आणि यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. हे ऐकत होते. कपाळाला आठी पडली. "हो," म्हणाले. "हो, डॉक्टर आहेत मंचरला." पुन्हा ऐकलं. मी यांची बाही धरून ठेवली होती. मग यांची मान हलली. वरून खाली. दोनदा.

२७ मार्च, मंगळवार

हे आज रात्रीच्या गाडीने राखीला आणायला निघतील. जाण्याआधी मला आळेफाट्याला घेऊन गेले. मी गेणभाऊंना सांगितलं, फेल्ट काढा, जुना सायलेन्सर असेल तर परत लावा.

"वहिनी, आवाज घालवायला मानसं येत्यात. परत मागायला आलेल्या तुमीच." मग तोबरा थुंकून, मोठ्याने, "टेप ठिवायचा का काढायचा?"

"राहू दे," मी म्हणाले.

१ एप्रिल, रविवार

राखी आली. पुण्यापासून भाड्याच्या मोटारीतून, पाठीला चार उशा लावून. सातवा सरायला चार दिवस आहेत. माझ्याशी नीट वागली, पायाही पडली, पण डोळ्याला डोळा दिला नाही. पप्पांनी वाटेत तिला काही सांगितलं नव्हतं. म्हणाले, ते तुझं तू सांग.

घरात सांगणार कुठे? दुकानात गिऱ्हाईक, ओट्यावर सासूबाई, शेजारणी राखीला बघायला आलेल्या. मी तिचा हात धरला आणि दारात उभ्या असलेल्या जीपमध्ये नेऊन बसवलं. यांना खूण केली. यांनी इंजिन चालू केलं आणि बाहेर उभे राहिले. काय आवाज तो! पत्रा न् पत्रा वाजत होता. शेजारणींनी कानांवर हात ठेवले.

राखी माझ्या कानाशी ओरडली, "मम्मी, हे काय चाललंय?"

स्वच्छ ऐकू आलं.

"इथे कुणाला काही कळायचं नाही! बोल!"

तिचा चेहरा फिरला. "मला वाटलं, तू नाही म्हणालीस! मी एवढं विनवलं आणि तू मला लोणचं सांगितलंस! मला वाटलं, तुला मी नको!"

"मी ऐकलंच नव्हतं!"

"काय?"

"कॅसेट! मला कळलीच नाही! मला—" आणि उरलेलं मी सगळा जीव एकवटून ओरडले, आणि त्याच वेळी यांनी, उगाच डिझेल कशाला जाळायचं म्हणून, किल्ली फिरवली.

"—ऐकू येत नाही गंऽऽ!"

सगळी गल्ली थांबली. गिरणीवाला बाहेर आला. शेजारणींचे हात कानांवरून खाली आले. राखी माझ्याकडे बघत होती, मग तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. ती रडत होती की हसत होती, मला आवाजावरून कळलं नाही. पाठीवरून कळलं, रडत होती.

ओट्यावरून सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणतेय ती?"

"आईऽऽ," हे ओरडले, "हिला ऐकू येत नाहीऽऽ!"

सज्जनबाईंनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. मग आपली बसकर थोडी सरकवली, शेजारी जागा केली आणि हाताने बोलावलं. "इतके दिवस सांगायचं नाही का गं," त्या मला सगळ्या घोडेगावला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी एकटीच होते ना."